बिअरच्या नळाला दुसरा ब्रेक

जावयाने भोक पाडलं ते अगदी मोजूनमापून. जमिनीपासूनची उंची बरोबर होती, दोन्ही कडांपासूनचं अंतर बरोबर होतं, आणि उभ्या माणसाचा हात जिथे सहज जाईल नेमकी तीच ती जागा होती. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाच्या बुबुळासमोर काचेवर ठिपका द्यायचा, यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे ठिपका चुकण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त चष्म्याच्या काचेमागे काय आहे ते दिसतं आणि फ्रीझरच्या पत्र्यामागे काय आहे ते दिसत नाही, एवढा एक फरक त्याच्या लक्षात यायचा राहून गेला.

ड्रिल आत गेलं. आधी मऊ काहीतरी लागलं, मग कडक काहीतरी लागलं, आणि मग कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा आवाज सुरू झाला. त्याने ड्रिल बाहेर काढलं. आवाज वाढला. त्याने ड्रिल परत आत घातलं. आवाज कमी झाला. मग चारचौघांत पँटचं बटण तुटलेला माणूस जसा एका जागी उभा राहतो, तसा तो ड्रिल धरून उभा राहिला.

खरं तर बेत वेगळा होता. पेटीसारखा आडवा फ्रीझर; त्याची पेटी आणि झाकण यांच्यामध्ये एक लाकडी चौकट बसवायची, आणि बिअरचा नळ त्या लाकडातून बाहेर काढायचा. सासऱ्यांनी त्यासाठी फळ्याही आणून ठेवल्या होत्या. पण जावयाला वाटलं, सरळ पत्र्यातूनच भोक पाडलं तर रविवारच्या रविवार वाचतील. सासरे चहा करायला आत गेले होते. ते येईपर्यंत काम उरकून त्यांना चकित करावं, असा त्याचा हेतू होता. तो सफल झाला.

सासरे चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. कप त्यांनी झाकणावर ठेवले, कान पत्र्याजवळ नेला, थोडा वेळ ऐकलं. मग गॅरेजचं दार सताड उघडलं आणि परत येऊन म्हणाले, "सोड."

जावयाने सोडलं. पत्र्यामागच्या फुटलेल्या नळीतला राहिलेला गॅसही निघून गेला. फ्रीझर घरघरत होता तो घरघरतच राहिला, पण आता त्या घरघरीत काही राम नव्हता.

"चहा घे," सासरे म्हणाले. "आता इथे तेवढाच गार होणार."

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. मोटार शिकवणारे मास्तर. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी जास्तीचा एक ब्रेक असतो, आणि तो ब्रेक हाच मास्तरांचा धंदा, हाच स्वभाव आणि हेच तत्त्वज्ञान. शिकाऊ माणसाने चाक धरायचं, गिअर करकरवायचा, घामाने निथळायचं. गाडी थांबायची ती मात्र मास्तरांच्या पायाने. ते कधी ओरडत नसत. त्यांच्याकडे शब्दच तीन होते: 'दाब', 'सोड' आणि 'आरसा'. 'आरसा' म्हटल्यावर एका कॉलेजातल्या मुलीने केस नीट केले होते, तरीही ते काही बोलले नाहीत. पुढे ती दातांची डॉक्टर झाली आणि लोकांना तोंड उघडून गप्प बसायला लावू लागली. हे आपण मास्तरांकडून शिकलो, असं ती सांगते.

या पद्धतीत एकच खोट होती. मास्तरांकडे शिकलेला माणूस मोटार उत्तम चालवी, पण ती थांबवणं हे दुसऱ्याचं काम आहे अशी त्याची आतून समजूत असे. जावई पहिल्या परीक्षेत नापास झाला तो यामुळेच. त्याने गाडी चौकापर्यंत सुरेख आणली आणि ती थांबायची वाट पाहिली. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता. तो अधिकारी पुढे कितीतरी दिवस कचेरीत पायी जात असे म्हणतात.

नापास झाल्यामुळे आणखी शिकवणी लागली, शिकवणीसाठी ताटकळत पुढच्या खोलीत बसावं लागलं, आणि त्या खोलीत टेबलामागे मास्तरांची मुलगी बसायची. लग्न झाल्यावर दोघं पहिल्यांदा मोटारीतून निघाली तेव्हा नवरदेव चाकावर होता, मास्तर शेजारच्या सीटवर होते आणि नवरी मागे. तेव्हापासून मास्तरांनी एक रीत पाळली. घरात बसले की जावयाला 'तुम्ही', गाडीत किंवा गॅरेजमध्ये 'तू'. जावई मात्र कुठेही बसला तरी त्यांना मास्तरच म्हणे. 'बाबा' म्हणायला तोंड उघडलं की त्याचा पाय आपोआप क्लचवर जाई.

मास्तर निवृत्त झाले, गाडी भंगारात गेली. भंगारवाल्याच्या हवाली करण्याआधी त्यांनी जास्तीचा ब्रेक तेवढा खोलून घेतला, तेल पाजलं आणि फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. पुढची खोली रिकामी झाली. गॅरेजही रिकामं झालं, तेव्हा सासूबाईंनी आपला आडवा फ्रीझर तिथे हलवून घेतला. मोसमात स्वस्त मिळालेला मटार पुढच्या मोसमापर्यंत पुरलाच पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता. मग सासूबाई गेल्या. त्यांच्या मागे मटार संपला, आणि फ्रीझर नुसता गारवा सांभाळत बसला.

मग मास्तर पडले.

स्वयंपाकघरातला दिवा गेला होता. स्टूल शेजारच्या शिंपीणबाईंनी नेलं होतं, म्हणून ते डुगडुगत्या खुर्चीवर चढले. सकाळी पडले. दुपारी उशिरा शिंपीणबाई स्टूल परत द्यायला आल्या तेव्हा ते ओट्याखाली लांब झालेले होते आणि छताकडे बघत होते. मास्तरांनी त्यांना स्टूल दाराजवळ ठेवायला सांगितलं, पाणी मागितलं आणि मग कुणाला तरी बोलवा म्हणाले. हाड मोडलं नव्हतं. कंबर तेवढी वांग्यासारखी जांभळी झाली होती.

मुलीला हे कळलं ते शिंपीणबाईंकडून. तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं की बाबांनी आता आपल्याकडे राहायला यायचं. फ्लॅट लहान होता, तिसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती. पण निदान पडलेल्या माणसाला उचलायला माणूस होतं. मास्तरांनी नाही म्हटलं नाही. ते एकदा येऊन सगळं बघून गेले. येताना मोजपट्टी घेऊन आले. जिना मोजला, दुसऱ्या मजल्यावरचं वळण मोजलं, आणि फ्रीझर इथून वर जाणार नाही असं सांगितलं. मग खोलीतल्या भल्याथोरल्या पलंगाकडे पाहत, हा कसा वर आणला, म्हणून विचारलं. जावयाने सविस्तर सांगितलं. पलंग मधोमध सुटतो, बोल्ट काढले की दोन तुकडे होतात, नेताना काही त्रास होत नाही. विचारलं की सांगावं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मास्तर नुसतं हं म्हणाले.

पुढच्या रविवारी मुलगी-जावई त्यांच्याकडे आले तेव्हा जेवताना त्यांनी जाहीर केलं की ते फ्रीझरचं बिअरचं यंत्र करणार आहेत. आत बिअरचं स्टीलचं पिंप ठेवायचं, शेजारी ती बिअर वर ढकलणाऱ्या गॅसची टाकी, बाहेर नळ. नळ ओढला की गार बिअर.

मुलीने हातातला घास खाली ठेवला. बाबांच्या डोक्याला मार लागला नव्हता ना, असं तिने नवऱ्याला डोळ्यांनी विचारलं.

मास्तरांनी समजावून सांगितलं. माणूस पडतो याची काळजी नाही. पडलेला कुणाला दिसत नाही, याची काळजी आहे. चहाला बोलावलं तर लोक येतात, कप ठेवतात आणि जातात. बिअरला लोक बसतात. घरात गार बिअर आहे म्हटल्यावर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येणार.

"पडलो असलो तर दिसेन," ते म्हणाले.

"आणि सकाळी पडलात तर?" मुलीने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत थांबेन. सवय झाली आहे."

बापलेकीत पुष्कळ वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: महिनाअखेरपर्यंत नळातून बिअर आली आणि ती प्यायला माणसं आली, तर बाबा राहतील तिथेच राहतील. नाहीतर निमूट सामान बांधायचं. तोवर जावयाने दर रविवारी जाऊन मदत करायची. ही झाली उघड कामगिरी. पायऱ्या उतरताना बायकोने दुसरी सांगितली: बाबांना हळूहळू वळवायचं. जावयाने दोन्ही पत्करल्या. पहिल्याच रविवारी त्याने वळवायला तोंड उघडलं, मास्तरांनी त्याच्या हातात ड्रिल दिलं, आणि पुढचं आपण पाहिलंच.

भोकाची बातमी त्याने फोनवर भीतभीत बायकोला दिली. मग ती म्हणाली, तुझ्यात एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं. आवाजात असा काही जिव्हाळा होता की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही त्याने तो ऐकला नव्हता. त्याने घाईघाईने सांगितलं की ही चूक होती, निव्वळ चूक. ती म्हणाली, हो, कुणी विचारलं तर तसंच सांगायचं.

मास्तरांनी विचारलंच. "तिने सांगितलं होतं का?"

"नाही हो, मास्तर."

"वाटलंच मला. मुद्दाम पाडायला गेला असतास तर नळी चुकली असती."

एकीने कपटी ठरवून शाबासकी दिली आणि दुसऱ्याने निर्दोष ठरवून अब्रू काढली. जावयाला दोन्हींपैकी काहीच नाकारता येईना.

फ्रीज दुरुस्त करणारा आला तोही मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने शिकताना एकदा गाडी वाचनालयाच्या पायऱ्यांवर चढवली होती, आणि मास्तरांनी त्याबद्दल आजतागायत अवाक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे त्यानेही भोकाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि अवाक्षर काढलं नाही. पत्रा कापला, आतला फोम खरवडला, नळीला डाख दिला, गॅस भरला, वरून पत्र्याचं ठिगळ बसवलं. जाताना त्याने ड्रिल उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवलं, घरात लहान मूल असलं की औषधं ठेवतात तसं.

त्यानंतर कामाला रीत आली. मास्तरांनी फळ्या कापल्या, चौकट जोडली, झाकणाच्या बिजागऱ्या चौकटीवर चढवल्या, आणि पितळी नळ लाकडातून बाहेर काढला. चौकट एका कोपऱ्यात किंचित वर राहिली होती. तिथे सासूबाईंच्या रबरी चटईची एक पट्टी कापून दाबली. जावयाकडे बॅटरी धरायचं काम होतं. ते तो मन लावून करी. वळवण्याचं दुसरं कामही त्याच्या मनात असे, पण मास्तर नेमके तोंडात स्क्रू धरून काम करत, आणि तोंडात स्क्रू असलेल्या माणसाशी घर सोडण्याविषयी बोलणं त्याला प्रशस्त वाटेना.

एक अडचण होती. फ्रीझरचा जन्म गोठवण्यासाठी. त्याला मोकळं सोडलं तर तो बिअरचा दगड करणार. म्हणून फ्रीजवाल्याने एक खटका आणून दिला. त्याची तार आत सोडायची, तारेचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, पाणी पुरेसं गार झालं की खटका फ्रीझर बंद करणार. जावयाला हे दोनदा सांगावं लागलं. मास्तरांना एकदाही पुरतं सांगावं लागलं नाही.

"याला थांबायचं कळत नाही," ते फ्रीझरवर हात ठेवून म्हणाले. "शेजारी बसणारा लागतो."

बिअरच्या कारखान्याची गाडी चालवणारा त्यांचा आणखी एक विद्यार्थी पिंप देऊन गेला. आठवडा गेला. पुढच्या रविवारी पिंप वाजवून पाहिलं तर ते खांबासारखं वाजलं. आतली बिअर पार गोठली होती. झालं होतं असं की कुणीतरी प्यायच्या पाण्याची बाटली आत विसरलं आहे, असं समजून मास्तरांनी ती काढून खिडकीत ठेवली होती. गाडीत बाटल्या पडलेल्या त्यांना कधीच खपल्या नाहीत. बाटली तारेसकट उन्हात बसली, खटक्याला सांगत राहिली की फार उकडतंय, आणि फ्रीझर बिचारा इमानेइतबारे राबत राहिला. जावयाने खिडकीत बाटली पाहिली, पण तो बोलला नाही. फ्रीझरच्या बाबतीत बोलण्याचा आपला हक्क त्या भोकातूनच निघून गेला आहे, हे त्याला पटलं होतं. मास्तरांनी स्वतःच बाटली पाहिली, परत आत ठेवली, आणि म्हणाले की आता दोघांची एकेक चूक झाली.

महिना संपत आला तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून ते फडकं काढलं.

जावयाला वाटलं, झालं, आता हे भिंतीवर लावणार. पण मास्तरांनी तो ब्रेक आपल्या खुर्चीखाली फरशीला बसवला. त्याची तार चटईखालून फ्रीझरपर्यंत नेली, आणि आत जिथे बिअरची नळी नळाकडे जाते तिथे चौकटीच्या आडोशाला, सहज दिसणार नाही असा एक चिमटा बसवला. ब्रेक दाबला की चिमटा आवळणार, नळी चेपणार, बिअर बंद. खुर्ची फ्रीझरच्या ज्या अंगाला ठेवली, त्याच जागी पूर्वी इथे उभ्या असणाऱ्या गाडीत त्यांची सीट असायची. ही जोडणी फ्रीजवाल्याला दाखवली नाही. तो असल्या गोष्टींना हसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

जावयाने बॅटरी धरल्या धरल्या विचारलं, याची गरज काय. मास्तरांनी तोंडातला स्क्रू काढला. नळावर दुसऱ्याचा हात असला की आपला पाय कुठेतरी हवा, असं त्यांनी सांगितलं आणि स्क्रू परत तोंडात घातला.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. दुपारी मास्तरांनी स्वतः नळ ओढून पाहिला. बिअर सरळ, गार आणि मुकाट आली. संध्याकाळी ऊन असतानाच मंडळी जमली. शिंपीणबाई होत्या, दातांची डॉक्टर होती, फ्रीजवाला होता, बिअरची गाडी चालवणारा होता. मुलगी आली ती डिकीत सामान बांधायचे रिकामे खोके घेऊन. तिने ते गॅरेजच्या दाराशी रचले, एकावर एक, नीट. ते कशासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी खोक्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. स्वतः आपल्या खुर्चीत बसले.

पहिला मान शिंपीणबाईंचा ठरला, कारण मास्तर त्यांना सापडले होते. त्यांनी ग्लास धरला, नळ ओढला. नळातून बारीकशी फुस्स झाली. बिअर आली नाही.

मग गाडीवाल्याने ओढला. पिंप आपणच आणलं, भरलेलं होतं, असं त्याने आधीच सांगून ठेवलं. नाही आली. डॉक्टरीणबाईंनी वाकून नळाच्या तोंडात पाहिलं आणि सवयीने मान हलवली. फ्रीजवाल्याने झाकण उघडलं, गॅसची टाकी तपासली, खटका तपासला, बाटली जागेवर आहे ना पाहिली. सगळं ठीक होतं. त्याने ओढला तरी नाही. दुपारी मास्तरांच्या हाताने धो धो येत होती म्हणता, मग आत्ताच काय झालं, हे त्याने तीनतीनदा विचारलं. मास्तरांचंही म्हणणं तेच होतं. त्यांचा चेहरा शांत होता, पण कानशिलं पांढरी पडली होती.

मुलगी दाराशी खोक्यांजवळ उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं. पहिल्या भोकावर थांबला नाहीस तर, असं ते कौतुक म्हणत होतं.

नवऱ्याला ती नजर सोसवेना, म्हणून त्याने खाली पाहिलं. तेव्हा त्याला मास्तरांचा पाय दिसला.

फ्रीजवाल्याचा हात नळाकडे गेला, की पाय खाली जात होता. हात निघाला, की पाय वर येत होता. इतका अलगद, इतका सराईत, की चटईलासुद्धा पत्ता नव्हता. वर मास्तर चिंतेत बसले होते. खाली पाय आपल्या नोकरीवर हजर होता. जावयाने पुन्हा नीट पाहिलं. शंकाच नव्हती. गॅरेजमधल्या एवढ्या माणसांत हे एकट्या त्याला कळलं होतं, आणि खुद्द मास्तरांना त्याचा गंधही नव्हता.

आता काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते त्याला आजवर छान जमत आलं होतं. गप्प बसलं की खोके भरले जाणार, बायको रात्री सुखाने झोपणार, मास्तर पडले तरी हाकेच्या अंतरावर पडणार. बायकोचं काही चूक नव्हतं. त्याने तोंड मिटून घेतलं.

एवढ्यात शिंपीणबाईंनी पिशवी उचलली. पुन्हा कधीतरी, त्या म्हणाल्या. यंत्रच ते, बिघडायचंच. डॉक्टरीणबाईंनीही किल्ल्या शोधायला सुरुवात केली.

"बसा ना थोडं," मास्तर म्हणाले. "चहा टाकतो."

जावयाने मास्तरांच्या तोंडून 'दाब' ऐकलं होतं, 'सोड' ऐकलं होतं, 'आरसा' ऐकलं होतं. 'बसा ना' कधी ऐकलं नव्हतं. आणि चहाला आलेली माणसं कप ठेवून जातात, हे याच माणसाने त्याला सांगितलं होतं.

तो बुटाची नाडी बांधायला म्हणून खुर्चीपाशी वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "ब्रेक सोडा."

मास्तरांनी खाली पाहिलं. बसमध्ये आपल्या मांडीवर दुसऱ्याची पिशवी ठेवलेली दिसावी, तसं त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग तो उचलला.

फ्रीजवाल्याने नळ ओढूनच धरला होता. बिअर आली ती थेट शिंपीणबाईंच्या बाहीवर, तिथून डॉक्टरीणबाईंच्या चपलेवर, आणि मग सगळा फेसच फेस. फ्रीजवाल्याने नळ बंद केला आणि आपण काय दुरुस्त केलं याचा विचार करू लागला. पुढचा ग्लास गाडीवाल्याने लावला. हात नळाकडे गेला, पाय खाली गेला, बिअर थांबली. या वेळी मास्तरांनी तो जाताना पाहिला. त्यांनी पाय खुर्चीच्या मागे दडवला. तो पुन्हा पुढे आला. गुडघ्यावर हात दाबून धरला. तरी टाच हलली. अखेर ते उठले. आत गेले आणि शिंपीणबाईंनी परत केलेलं स्टूल घेऊन बाहेर आले. ते त्यांनी पलीकडे, मंडळींच्या रांगेत ठेवलं.

"तू बस तिथे," त्यांनी जावयाला आपली खुर्ची दाखवली. "आणि काही दाबू नकोस."

जावई बसला. त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. मास्तर स्टुलावर बसले, त्यांच्या पायाखाली नुसती फरशी होती, आणि दुसऱ्याच्या हातातला नळ सुरू होताना पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. ग्लास भरला. कुणाचा जीव गेला नाही. त्यांनी डोळे उघडले.

मग मंडळी बसली. गाडीवाल्याने वाचनालयाच्या पायऱ्यांचा विषय काढला, फ्रीजवाल्याने त्याला गप्प केलं, मास्तरांनी पहिल्यांदाच कबूल केलं की त्या दिवशी त्यांचा पाय सटकला होता. शिंपीणबाई ओली बाही पिळत म्हणाल्या की उद्या मी येईन, स्टूल मोडलंय की काय बघायला. परवाचं डॉक्टरीणबाईंनी आपल्याकडे घेतलं. ऊन गेलं, समोरच्या घरांतले दिवे लागले, तरी कुणी उठेना. मुलीनेही एक ग्लास घेतला, दुसरा घेतला, आणि खोक्यांवर बसली. खोका तिच्याखाली हळूहळू चेपत गेला.

सगळे गेल्यावर ती आत ओट्यावरच्या नळाखाली ग्लास विसळायला उभी राहिली. नवरा पुसायला गेला. ती भांडली नाही. हरले म्हणाली. ठरल्याप्रमाणे बाबा राहतील. पण नळाला पाठ करून तिने हळूच सांगितलं की संध्याकाळचं ठीक आहे. सकाळी जाग आली की मला आधी ओट्याखालची फरशी दिसते, त्याचं मी काय करू. बिअर प्यायला सकाळी कोण येणार. तू विचार त्यांना. मी विचारलं तर मला रडू येईल आणि मग ते नुसतं 'सोड' म्हणतील.

जावई हात पुसत गॅरेजमध्ये आला. मास्तर अजून स्टुलावरच होते. पुढच्या रिकाम्या खोलीचं दार त्यांनी उघडलं होतं, दिवा लावला होता, आणि ग्लासातला शेवटचा घोट तसाच धरून ते भिंतीपासून भिंतीपर्यंत काहीतरी नजरेने मोजत होते.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही जिंकलात, ते तिने मान्य केलंय. पण सकाळचं काय करायचं, तुम्हीच सांगा. तिला झोप लागत नाही हो. नाही का येता येणार तुम्हाला आमच्याकडे?"

आत विसळण्याचा आवाज थांबला.

मास्तरांनी घोट संपवला. "फ्रीझर तुमच्या जिन्यातून वर जात नाही, तुमचा पलंग मात्र खाली येतो."